टीप्रिंगचा युक्तिवाद

१५ सप्टेंबर १९६७ या दिवशी, शुक्रवारी रात्री, एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या पर्वातला पहिला भाग दाखवला गेला. भागाचे नाव 'अमॉक टाइम', लेखक थिओडोर स्टर्जन. एन्टरप्राइझ यानावरचा अर्धा मानव, अर्धा व्हल्कन अधिकारी स्पॉक लग्नासाठी आपल्या ग्रहावर जातो. सात वर्षांची असताना टीप्रिंगचे लग्न त्याच्याशी ठरलेले असते. पण ऐन विधीत ती जुन्या रिवाजातला एक हक्क बजावते: मला हा वर मान्य नाही, त्याने माझ्यासाठी द्वंद्व लढावे. तिचे मन स्टॉन नावाच्या दुसऱ्याच माणसावर जडले आहे. द्वंद्वासाठी मात्र ती स्टॉनला निवडत नाही. स्पॉकचा जिवलग मित्र आणि वरिष्ठ असलेल्या कॅप्टन कर्कला निवडते. द्वंद्वात कर्क मेला असे सगळ्यांना वाटते. भानावर आलेला स्पॉक तिला कारण विचारतो आणि ती शांतपणे सांगते. कर्क जिंकला असता तर त्याला मी नकोच असते, मग मला स्टॉन मिळाला असता. तू जिंकलास तर मी आव्हान दिले म्हणून तू मला सोडशील, तरी मला स्टॉन मिळेल. नाही सोडलेस तर तू अंतराळात निघून जाशील. तुझे नाव आणि मालमत्ता माझ्याकडे राहील, आणि स्टॉन इथे असेलच. आयुष्यभर तर्काची पूजा केलेला स्पॉक एवढेच म्हणू शकतो की तुझ्या तर्कात कुठेही खोट नाही.

संपूर्ण भागात टीप्रिंगच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तरीही गेली पन्नासहून अधिक वर्षे लोक तिच्यावरून भांडत आहेत. टीव्हीवरच्या विज्ञानकथांचा इतिहास निर्माते, नट आणि वाहिन्यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. मला तो या भांडणाच्या अंगाने पाहावासा वाटतो. पात्राने जे केले ते बरोबर होते का, आणि ते त्या पात्राला शोभणारे होते का, हे दोन प्रश्न घेऊन प्रेक्षक हिरिरीने वाद घालू लागले तेव्हा नेमके काय घडले?

आपल्याकडे या प्रश्नांचे नवल वाटायचे कारण नाही. भर सभेत द्रौपदी विचारते की आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का. आणि भीष्म धर्म सूक्ष्म आहे असे सांगून सुटका करून घेतो. तो सुटला नाही. आजतागायत त्याची उलटतपासणी चालू आहे. इरावती कर्वे यांचे 'युगान्त'ही १९६७ सालचेच, आणि तेही पात्रांना त्यांच्या निर्णयांचा जाब विचारणारे. ही तारखांची गाठ योगायोगाची, हे मला ठाऊक आहे. पण टीप्रिंगचे बोलणे ऐकताना मला द्रौपदी आठवल्याशिवाय राहत नाही. आव्हान देणारी वधू जिंकणाऱ्याच्या मालकीची होते, असा त्या व्हल्कन रिवाजाचा नियम आहे. वस्तू ठरवल्या गेलेल्या बाईने वस्तू ठरवणाऱ्यांचीच भाषा त्यांच्याहून चोख बोलावी, ही गोष्ट दोन्हीकडे आहे. फरक असा की द्रौपदीला आपण नायिका मानले, आणि टीप्रिंगला तिच्या पहिल्या प्रेक्षकांनी खलनायिका.

हे पहिले प्रेक्षक कोण होते, ते बोलके आहे. त्याच सप्टेंबरमध्ये 'स्पॉकनेलिया' नावाचे एक नियतकालिक निघाले. 'स्टार ट्रेक'ला सर्वस्वी वाहिलेले चाहत्यांचे हे पहिले नियतकालिक. संपादिका दोघी: देव्रा लँगसॅम आणि शर्ना कमरफोर्ड. लँगसॅम ब्रुकलिनमध्ये ग्रंथपाल होत्या. विज्ञानकथांच्या जुन्या चाहतेमंडळांत पुरुषांचा भरणा असे. या मालिकेभोवती मात्र शिक्षिका, ग्रंथपाल, कचेरीत टंकलेखन करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बायका जमल्या. स्टेन्सिल कापायचे, सायक्लोस्टाइल करायचे, पाने जुळवून टाचायची आणि टपालाने पाठवायची, असा हा घरगुती उद्योग. आत काय, तर व्हल्कन शरीररचना, व्हल्कन चालीरीती, स्पॉकच्या मनाचे विश्लेषण. पहिल्याच अंकात डोरोथी जोन्स या भाषेच्या अभ्यासक लेखिकेने 'नी व्हार' हा शब्द आणला. दोन रूपे शेजारी ठेवून पाहणारा व्हल्कन काव्यप्रकार, असा त्याचा अर्थ. हा शब्द मालिकेत कुठेच नव्हता. २०२० साली 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी' या नव्या मालिकेत दूरच्या भविष्यातल्या व्हल्कन ग्रहाचे नाव बदललेले दिसते. ते नवे नाव 'नी व्हार'. एका सायक्लोस्टाइल अंकातला शब्द त्रेपन्न वर्षांनी एका ग्रहाचे नाव झाला.

वाद घालायचा तर पुरावा हवा. तेव्हा घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते. एकदा दाखवलेला भाग पुन्हा दाखवला जाईपर्यंत हवेतच विरलेला असे. मग या बायका दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून नुसता आवाज मुद्रित करत, आणि संवाद ऐकून ऐकून कागदावर उतरवत. डोरोथी जोन्स यांनी कार्डांवर प्रत्येक भागाची नोंद ठेवली होती. तिच्या आधारे बीजो ट्रिंबल यांनी १९६९ मध्ये मालिकेचा कोश काढला. कोणत्या भागात कोण काय म्हणाले, कोणता ग्रह कुठे आला, सगळे अकारविल्हे. ज्ञानेश्वरीच्या शब्दसूचीला लाजवील अशी चिकाटी. १९७६ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने तो पुस्तकरूपाने बाजारात आणला. 'स्पॉक असे कधीच करणार नाही' असे म्हणणाऱ्याला 'अमुक भागात त्याने केले आहे' असे उत्तर देता येऊ लागले. कोशाशिवाय ही न्यायसभा भरलीच नसती.

खटले एकाहून एक सरस होते. 'जर्नी टू बेबल'मध्ये (नोव्हेंबर १९६७) स्पॉकचे वडील सारेक मरणाच्या दारात आहेत. शस्त्रक्रियेसाठी लागणारे रक्त फक्त स्पॉक देऊ शकतो, पण कर्क जखमी असल्याने यानाची सूत्रे स्पॉकच्या हाती आहेत. तो सूत्रे सोडायला नकार देतो. त्याची मानव आई अमँडा त्याला विनवते, शेवटी त्याच्या मुस्काटात मारते. मुलगा बरोबर की आई? आणि ही बाई असल्या नवऱ्याबरोबर इतकी वर्षे राहिली कशी? या दुसऱ्या प्रश्नावर तर जीन लोराह यांनी सत्तरच्या दशकात सारेक आणि अमँडा यांच्या संसाराच्या कथांची मालिकाच लिहिली. मूळ भाग लिहिणाऱ्या डी. सी. फॉन्टाना याही बाईच. पुरुषी धंद्यात निभाव लागावा म्हणून डोरोथी कॅथरिनची आद्याक्षरे करून वावरणाऱ्या. चाहत्यांची ही पत्रे आणि अंक लेखकांपर्यंत पोहोचत असत. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने तर 'स्पॉकनेलिया' आपल्या कार्यालयात सगळ्यांनी वाचायचा असतो असे पत्राने कळवले होते. यात स्तुती किती आणि धोरण किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सगळ्यात गाजलेला खटला 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर'चा, ६ एप्रिल १९६७ चा. कर्क आणि स्पॉक काळ ओलांडून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचतात. गोरगरिबांना सूप वाटणाऱ्या एडिथ कीलरच्या प्रेमात कर्क पडतो, आणि मग स्पॉकला कळते की ही बाई मोटारीखाली मरायलाच हवी. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल, अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हाती पडेल आणि कर्कचे सगळे जगच उरणार नाही. शेवटी डॉक्टर मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. प्रेक्षकांनी हा कर्क डोक्यावर घेतला. पण हार्लन एलिसनने मूळ पटकथेत लिहिलेला कर्क असा नव्हता. तो त्या क्षणी थिजतो. प्रेमापुढे जगाचा हिशेब त्याला जमत नाही, आणि जे करायचे ते स्पॉक करतो. रॉडनबेरीच्या मते, यानाचा कप्तान असा वागूच शकत नाही. पटकथा इतरांनी बदलली. प्रक्षेपित भागाला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि एलिसनच्या मूळ पटकथेला लेखकसंघाचा. म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन शेवटांना दोन पारितोषिके! मूळ पटकथा १९७६ मध्ये छापून आली तेव्हा चाहत्यांना दोन्ही कर्क शेजारीशेजारी ठेवता आले. रॉडनबेरी पुढे भाषणांतून सांगत राहिला की एलिसनने अभियंता स्कॉटीला अमली पदार्थ विकताना दाखवले होते. वास्तविक एलिसनच्या पटकथेत स्कॉटी नव्हताच. एलिसनही मरेपर्यंत हा राग विसरला नाही. माझे मत विचाराल तर एलिसनचा कर्क अधिक खरा माणूस आहे आणि पडद्यावरचा कर्क अधिक चांगले नाट्य. एक गोष्ट मात्र दोन्ही शेवटांत सारखी आहे. एडिथला कोणी काही विचारत नाही.

मालिकेची प्रेक्षकसंख्या यथातथाच होती. १९६७ च्या अखेरीस ती बंद होणार अशी कुणकुण लागली आणि बीजो व जॉन ट्रिंबल या दांपत्याने, रॉडनबेरीच्या मूक संमतीने, पत्रमोहीम उघडली. एनबीसीकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेकचे विद्यार्थी मशाली घेऊन वाहिनीच्या बरबँकच्या कार्यालयावर गेले. १ मार्चला वाहिनीने भाग संपताच पडद्यावरून जाहीर केले की मालिका चालू राहील, आता पत्रे पाठवू नका. विजय तर झाला. पण तिसरे पर्व पडले शुक्रवारी रात्री दहाला, तरुण मंडळी घराबाहेर असतात अशा वेळी. पैसे कापले गेले, रॉडनबेरीनेही अंग काढून घेतले.

आणि या झगडून मिळवलेल्या पर्वाचा शेवटचा भाग काय होता? ३ जून १९६९ ला दाखवलेला 'टर्नअबाउट इन्ट्रूडर'. जॅनिस लेस्टर ही कर्कची जुनी प्रेयसी एका यंत्राच्या साहाय्याने त्याच्या देहात शिरते, कारण तिला यानाची कप्तान व्हायचे आहे. आरंभीच ती म्हणते की तुमच्या कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही. कर्क ते नाकारत नाही. हे न्याय्य नाही एवढे कबूल करतो. पुढे ती आक्रस्ताळी आणि वेडी ठरते, भाग संपतो, मालिकाही संपते. ज्या बायकांनी पत्रे लिहून हे पर्व जगवले त्यांच्याच पदरात अखेरीस हे वाक्य पडले. ती पत्रे गेली नसती तर हे वाक्य जन्माला आलेच नसते, हा विचार त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आला असेल का?

त्या वाक्याशी चाहत्यांनी केलेली झटापट मला फार लोभस वाटते. एक पक्ष म्हणाला, वाक्य स्पष्ट आहे, तेविसाव्या शतकातही बायकांना बंदी आहे, आणि ही मालिकेची लाज आहे. दुसरा म्हणाला, तसे नाही. कर्कच्या जगाला, म्हणजे यानाशी लग्न लावलेल्या त्याच्या आयुष्याला, बाईची जागा नाही एवढाच अर्थ. तिसरा म्हणाला, ती वेडीच आहे, तिची साक्ष कशी धरायची? मीमांसकांनी कौतुक करावे असा हा अर्थनिर्णय. त्यामागे एक दुखरी गोष्टही होती. १९६४-६५ साली बनलेल्या पहिल्या नमुनाभागात यानाची दुय्यम अधिकारी एक स्त्री होती, 'नंबर वन' या नावाची. तो भाग वाहिनीने नाकारला, पुढच्यात ती गळाली, आणि तिची भावनाशून्य बुद्धी स्पॉकला देऊन टाकली गेली. ज्या स्पॉकवर बायकांनी एवढे लिहिले त्याच्यात एका गाळलेल्या बाईचा अंश होता.

आमच्या बडोद्याच्या घरी ही मालिका ऐंशीच्या दशकात पोहोचली, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. पत्रे, नियतकालिके यांतले काही आम्हाला माहीत नव्हते. तरी वाद तेच. आई म्हणे, तो टोकदार कानांचा बोलतो कमी पण शेवटी त्याचेच खरे होते. काकांचा पक्ष कर्कचा. इंग्रजी फारसे न कळणारी आजी दोघांना गप्प करत असे: त्यांच्यात एक तरी बाई हुकूम देताना दाखवा, मग मी बघेन.

सत्तरच्या दशकात पुनःप्रक्षेपणांनी चाहत्यांची संख्या फुगली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या संमेलनाला काहीशे लोक येतील असा आयोजकांचा अंदाज होता, हजारोंनी आले. १९७७ पासून 'इंटरस्टॅट' हे निव्वळ पत्रव्यवहाराचे नियतकालिक निघू लागले. त्यात कथा नाहीत, कविता नाहीत, फक्त वाचकांची एकमेकांना उत्तरे. कर्क आणि स्पॉक यांच्यात प्रणय असू शकतो का, यावर सर्वात कडवी भांडणे झाली. तशी पहिली कथा १९७४ मध्ये एका चाहत्यांच्या अंकात छापली गेली होती. याच गोटातून १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांची पानभराची एक विडंबनकथा आली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी. कर्क तिच्यावर भाळतो, सगळ्या संकटांतून तीच वाचवते, आणि शेवटी सगळ्यांना रडवत मरते. नवशिक्या लेखिकांच्या स्वप्नरंजनाची ही थट्टा अगदी मोजून मापून केलेली होती. पण शब्द घरात राहत नाहीत. 'मेरी सू' हे पुढे कुठल्याही कर्तबगार नायिकेला हिणवायचे नाव झाले, आणि ते हत्यार अशा लोकांच्या हाती गेले ज्यांनी आयुष्यात एक स्टेन्सिल कापले नसेल. साडेपंधराव्या वर्षी कप्तानकी करणारा मुलगा कथेत आला तर त्याला साहस म्हणतात.

१९८६ च्या चौथ्या चित्रपटात पडद्यावर एका यानाची कप्तान स्त्री दिसली, क्षणभरच. जानेवारी १९९५ मध्ये 'व्हॉयेजर' सुरू झाली आणि कॅथरिन जेनवे ही मुख्य पात्र म्हणून कप्तानाच्या खुर्चीत बसली. लेस्टरला उत्तर मिळायला पंचवीस वर्षे लागली. सव्वा वर्षातच या कप्तानावर असा खटला भरला गेला जो अजून निकाली निघालेला नाही.

६ मे १९९६ च्या 'टुव्हिक्स' या भागात एका अपघाताने टुव्हॉक आणि नीलिक्स हे दोघे मिसळून एकच नवा माणूस तयार होतो. त्याला दोघांच्याही आठवणी आहेत, स्वतःचे मन आहे, स्वैपाकही उत्तम जमतो. काही दिवसांनी दोघांना पुन्हा वेगळे करण्याची युक्ती सापडते. टुव्हिक्स म्हणतो, मला जगायचे आहे. सगळ्यांसमोर विनवतो, एकही सहकारी त्याच्या बाजूने उभा राहत नाही. कुणाचे नुकसान करणार नाही या शपथेचा दाखला देऊन डॉक्टर नकार देतो. मग जेनवे स्वतःच्या हाताने यंत्र चालवते. दोघे परत येतात. ती बाहेर पडते, आणि बोळातून चालताना तिचा चेहरा दिसतो, बस.

दोन जीव एकाहून मोठे, टुव्हॉकची बायकामुले घरी वाट पाहत आहेत, असे एका बाजूचे म्हणणे. समोर उभा राहून जगू द्या म्हणणाऱ्याला मारणे म्हणजे खूनच, असे दुसरीचे. तिसरी बाजू लेखकांवरच उलटली: पुढच्या भागात याचा मागमूस का नाही? मला या वादात एक गोष्ट टोचते. एडिथला मरू देणाऱ्या कर्कला शोकनायक म्हटले गेले, आणि जेनवेला 'खुनी' हे बिरुद चिकटले. बाई म्हणून? काही अंशी नक्कीच. पण सारा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे. एडिथला मरण येते आहे हे माहीत नव्हते, म्हणून ती विनवू शकली नाही. 'टुव्हिक्स'च्या लेखकांनी मरणाऱ्याला बोलू दिले. जेनवेच्या निर्णयाला कर्कच्या निर्णयापेक्षा अधिक कठोर कसोटी लागली ती तिच्या लेखकांनी लावलेली आहे, आणि मला वाटते की तीच अधिक प्रामाणिक आहे. तिने डॉक्टरच्या हातावर जबाबदारी ढकलली नाही. कर्कने मॅकॉयला धरले होते. जेनवेने कळ दाबली. २०२३ मध्ये 'लोअर डेक्स' या विनोदी चित्रमालिकेने हाच अपघात पुन्हा घडवून एका कप्तानाला जेनवेचा पूर्वदाखला तपासायला लावले. चाहत्यांचे भांडण मालिकेच्या तोंडी आले, तेही हसू आणत.

टीप्रिंगचे काय झाले? 'अमॉक टाइम'च्या आधीच्या काळात घडणारी 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' २०२२ मध्ये आली. तिच्यात टीप्रिंगची भूमिका गिया संधू या भारतीय वंशाच्या कॅनेडियन अभिनेत्रीने केली. आता तिला नोकरी आहे, गुन्हेगारांना सुधारण्याचे काम आहे, विनोदबुद्धी आहे, स्पॉकवर प्रेमही आहे. २०२३ च्या 'शॅरेड्स' या भागात स्पॉक स्वतःवरचे संकट तिच्यापासून लपवतो. माझ्यावर विश्वास का टाकला नाहीस, असे ती विचारते आणि काही काळ दूर राहू म्हणते. छप्पन्न वर्षांपूर्वीच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने हा नवा पुरावा दाखल झाला. जुने चाहते लगेच दोन गटांत विभागले. काहींना हा पुरावा ग्राह्य वाटत नाही, कारण मूळ भागातल्या टीप्रिंगच्या डोळ्यांत त्यांना कधी प्रेम दिसलेच नव्हते. काहीजणी तो जुना भाग पुन्हा लावून तिच्या तोंडची वाक्ये एकेक करून तपासत आहेत.